जुबिलीच्या आधी हाती घ्यायची कामे

मिरा रोड आणि भाईंदरमधल्या कितीतरी मंडळ्यांची सुरुवात एखाद्या वन रूम किचनच्या बैठकीच्या खोलीत झाली. १९८५ साली इथे नगरपरिषद आली आणि २००२ साली महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. मुंबईत जागा परवडेना म्हणून इकडे सरकलेल्या लोकांत ख्रिस्ती कुटुंबेही पुष्कळ होती. कुणाचे मूळ गाव नगर जिल्ह्यात, कुणाचे जालन्याकडे, कुणाचे केरळ-तामिळनाडूत. नव्या इमारतीत ओळखदेख नाही आणि रविवारच्या उपासनेला लोकलने दूरवर जायचे. मग कुणीतरी बुधवारी संध्याकाळी घरीच प्रार्थना ठेवली, चटया अंथरल्या, ओळखीच्या चार घरांना बोलावले. एका सभेच्या तीन सभा झाल्या, शाळेचा हॉल भाड्याने घेतला, ट्रस्ट नोंदवला, पुढे काशिमिरा, नायगाव, विरारकडे शाखा निघाल्या. आज अशा संस्था पंचविशी-चाळिशीच्या टप्प्यावर आल्या आहेत आणि त्या सुरू करणारी माणसे सत्तरीत आहेत.

हा लेख अशा संस्थांचे पंच, वडील, विश्वस्त आणि पाळक यांच्यासाठी आहे. जुबिलीची बैठक बसली की बोलणे हॉल, जेवण, पाहुणे, स्मरणिका आणि व्यासपीठामागच्या बॅनरवर जाते. संस्थापकांचा सत्कार व्हायलाच हवा, तो मनापासून व्हावा. पण त्या संध्याकाळी शाल-श्रीफळ देऊन झाल्यावर मंडळीचे काम, तिचे कागद आणि तिची माणसे नेमकी कुणाच्या हाती जाणार, हे ठरलेले नसेल तर सोहळ्याचा उपयोग एका दिवसापुरता. वारसा जपणे आणि पुढची आखणी करणे ही कामे दोन वेगळ्या समित्यांना वाटून देऊ नका, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. जुन्यांनी काय केले, कसे केले हे समजून घेतल्याशिवाय नवी शाखा काढणे म्हणजे पत्ता माहीत नसताना गाडीत बसणे.

आधी डोंगरी-उत्तनला जाऊन या

मिरा रोडच्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांना उत्तन माहीत असते ते वेलंकनी माउलीच्या तीर्थामुळे. प्रत्यक्षात धारावी बेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यात, म्हणजे उत्तन, डोंगरी, पाली, चौक आणि पुढे गोराई-मनोरीपर्यंत, ख्रिस्ती वस्ती पोर्तुगीज काळापासून आहे. डोंगरीचे बेथलेहेम माउलीचे चर्च, उत्तनचे सागरमातेचे चर्च, भाईंदरचे नाझरेथ माउलीचे चर्च ही आपल्याच महानगरपालिकेच्या हद्दीत आहेत. आपल्यापैकी बरेच जण प्रॉटेस्टंट किंवा स्वतंत्र मंडळ्यांचे आहेत, आपली उपासनेची रीत वेगळी आहे. तरीही आखणीला बसण्यापूर्वी एका शनिवारी समितीने तिकडे जावे, तिथल्या धर्मगुरूंना आणि जुन्या माणसांना भेटावे.

कारण असे की या गावांनी फार मोठा धक्का पचवला आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत वसई पडली, पोर्तुगिजांचे राज्य इथून उठले, त्यांच्याबरोबर युरोपीय पाद्रीही गेले. राजाश्रय, पैसा, शिकवणारे, सगळे एकदम आटले. त्यानंतर हा विश्वास स्थानिक धर्मगुरूंनी आणि कोळी-शेतकरी कुटुंबांनी सांभाळला. गावच्या खुरसाजवळची, म्हणजे क्रुसाजवळची, प्रार्थना, नव्या भाताच्या लोंब्या देवळात नेऊन आशीर्वाद मागण्याचा ऑक्टोबरमधला अगेरा, हंगाम सुरू होण्याआधी होड्यांसाठी केलेली प्रार्थना, लग्नातली गाणी. हे सगळे लोकांच्या हातात आणि तोंडात होते, ते कुणी जहाजात घालून नेऊ शकत नव्हते.

आपल्या संस्थेला हाच प्रश्न विचारून पाहा. उद्या परदेशातून किंवा एखाद्या मोठ्या देणगीदाराकडून येणारी मदत थांबली, मुख्य पाळक आजारी पडले, हॉलचा करार संपला, तर मंडळीतले काय काय आपोआप चालू राहील? जे चालू राहील तो तुमचा खरा वारसा. त्याची यादी करा. ती छोटी निघाली तरी घाबरू नका, आखणीची सुरुवात तिथूनच होते.

वाढीबद्दलही या भागाकडून शिकण्यासारखे आहे. १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत वेगळा काढला गेला आणि थॉमस डाबरे तिथले पहिले बिशप झाले. खाडीच्या पलीकडच्या लोकांना आपला बिशप, आपली कार्यालये, आपले निर्णय मिळाले. आपल्या स्वतंत्र मंडळ्यांत मात्र शाखा वाढली तरी तिची दानपेटी, चेकबुक आणि व्यासपीठ मुख्य मंडळीकडेच ठेवण्याची ओढ असते. मग दहा वर्षांनी शाखा भांडून वेगळी होते. आशीर्वाद देऊन वेगळी करता आली असती, ती दुखावून जाते. म्हणून शाखा सुरू करतानाच लिहून ठेवा की किती कुटुंबे झाली, किती वर्षे झाली, अर्पणातून खर्च भागू लागला की ती स्वतःच्या पायावर उभी मानली जाईल आणि त्यानंतर तिचे आपल्याशी नाते काय राहील.

रमाबाई आणि टिळक: दोन प्रकारचा वारसा

मराठी ख्रिस्ती इतिहासातली दोन उदाहरणे समितीच्या पहिल्याच बैठकीत मांडावीत असे मला वाटते.

पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले, ते पुढच्याच वर्षी पुण्याला नेले. १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार मुली-बायकांना आसरा देता देता केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. शेती, विणकाम, शाळा, छापखाना, सगळी कामे तिथल्या बायका शिकल्या आणि त्यांनीच ती चालवली. पुढे हे काम कन्या मनोरमाबाई सांभाळतील अशी तयारी होती. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही. वर्षभराच्या आत संस्थापिका आणि उत्तराधिकारी दोघीही नाहीत, अशा अवस्थेत कुठलीही संस्था मोडायची. मुक्ती मिशन मोडले नाही. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, मुक्तीच्याच छापखान्यातून पूर्ण छापून बाहेर पडले. काम अनेक हातांत वाटलेले होते, म्हणून हे घडले.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण वेगळे. १९१७ च्या सुमारास त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा आपल्या मातीतला ख्रिस्तभक्तांचा समुदाय उभारायला घेतला. ९ मे १९१९ रोजी ते गेले आणि त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही. तो सर्वस्वी त्यांच्यावर उभा होता. पण त्यांची भजने आजही मराठी मंडळ्यांत दर रविवारी गायली जातात, आणि अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. एका माणसाची संघटना गेली, गाणे राहिले.

तुमच्या संस्थेत यांपैकी काय आहे, हे प्रामाणिकपणे पाहा. बहुतेक ठिकाणी एक कर्तबगार पाळक आणि त्यांच्या पत्नी यांच्याभोवती सगळे फिरत असते. हॉलवाल्याशी ओळख त्यांची, आजाऱ्याच्या घरी रात्री जाणारे ते, कुणाच्या घरात कशावरून अबोला आहे हे ठाऊक त्यांनाच. त्यांच्या हयातीतच हे ज्ञान वाटून घेतले पाहिजे. त्यांचा मुलगा किंवा मुलगी पाळक होणार असेल तर त्यात वावगे काही नाही, बोलावणे खरे असेल तर आनंदच आहे. पण मनोरमाबाईंची गोष्ट लक्षात ठेवा आणि एकाच वारसावर विसंबू नका. उपदेश, घरभेटी, हिशोब, मुलांचे शिक्षण, अंत्यविधी या प्रत्येक कामासाठी किमान दोन माणसे तयार असावीत आणि त्यातले एक चाळिशीच्या आतले असावे.

कपाट उघडा

आता कागदांकडे वळू. जुन्या मंडळीच्या कपाटात साधारण काय सापडते ते सांगतो. लाल कापडी पाठीचे लांब रजिस्टर, त्यात बाप्तिस्म्याच्या नोंदी. नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावे, पाळकाची सही. पहिल्या दोन-तीन वर्षांचे अक्षर वळणदार आणि शाई निळीकाळी. मग अक्षर बदलते, बॉलपेन येते, काही रकाने कोरे राहू लागतात आणि शेवटच्या वर्षांच्या नोंदी रजिस्टरात नसतातच, त्या कुणाच्या तरी लॅपटॉपवर असतात. सभांच्या इतिवृत्ताची वही, अर्पणाची पावतीपुस्तके, शब्बाथ शाळेचे हजेरीपत्रक, सहलीचे फोटो, पहिल्या भाडेकराराची झेरॉक्स. हे सगळे सहसा कपाटाच्या खालच्या कप्प्यात असते. मिरा रोडला पावसात पाणी कुठवर येते हे २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेल्यांना सांगायला नको. सर्वांत आधी हे कागद वरच्या कप्प्यात न्या.

मग एका सुट्टीच्या दिवशी मंडळीतल्या कॉलेजच्या मुलांना बसवा. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, प्रत्येक पानाचा मोबाइलवर सरळ फोटो काढायचा. स्कॅनर असेल तर उत्तमच. फाइलला नाव देताना वर्ष आधी, विषय नंतर. एक प्रत मंडळीच्या ईमेल खात्यावर, एक हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या शाखेत. मंडळीच्या खात्याचा पासवर्ड दोन विश्वस्तांकडे असावा, एकाच तरुणाच्या डोक्यात नको. जुन्या कागदांना लॅमिनेशन कधीही करू नका, सेलोटेपही लावू नका. दोन्हींमुळे कागद कायमचा खराब होतो. फाटलेले पान तसेच कोऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवा. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहिले तर वळ पुढे उठतो, म्हणून मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावे लिहा. ती लिहिताना म्हाताऱ्या माणसांना शेजारी बसवा. अजून दहा वर्षांनी तो मागच्या रांगेतला उंच मुलगा कोण, हे सांगणारे कुणी उरणार नाही.

तुमच्या मंडळीचे मूळ अमेरिकन मराठी मिशनकडे जात असेल तर हा धागा २०० वर्षांहून जुना आहे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, काम सुरू झाले आणि १८४२ पासून 'ज्ञानोदय' निघू लागले. जुन्या नियतकालिकांचे अंक चाळण्याचे काम मंडळीतल्या एखाद्या वाचनवेड्या माणसाकडे सोपवा. आजोबा-पणजोबांचे गाव, तिथली मंडळी, तिथली मिशनशाळा यांचा माग अशा अंकांतून लागू शकतो. कुटुंबाच्या जुन्या बायबलमध्ये पहिल्या कोऱ्या पानावर जन्म-मृत्यूच्या तारखा लिहिण्याची पद्धत होती, तीही पाने मागवून घ्या.

आठवणी कशा घ्याव्यात

ज्येष्ठांच्या मुलाखती घ्यायच्या ठरल्या की आपण त्यांना 'साक्ष सांगा' म्हणतो आणि ते शंभरदा सांगितलेली साक्ष पुन्हा सांगतात. ती मोलाची आहेच. पण तुम्हाला पुढची आखणी करायची आहे, तेव्हा बारीकसारीक विचारा. पहिली सभा कुणाच्या घरी झाली, इमारतीचे नाव काय, सोसायटीने हरकत घेतली होती का, तेव्हा काय केले? पहिला चहा कुणी केला? हार्मोनियम कुठून आले? महिन्याचे अर्पण किती जमायचे आणि त्यातून आधी कशाचे पैसे द्यायचे? कुणाच्या नोकरीवर टाच आली तेव्हा मंडळीने त्याला कसे सांभाळले? काम सोडून द्यावेसे कधी वाटले?

बायकांना स्वतंत्रपणे, त्यांच्या घरी जाऊन विचारा. ट्रस्टच्या कागदावर त्यांची नावे बहुधा सापडत नाहीत, पण घरोघरी जाऊन प्रार्थना करणाऱ्या, नव्या कुटुंबाला पहिल्यांदा जेवायला बोलावणाऱ्या, बाळंतिणीजवळ बसणाऱ्या त्याच. मिशनच्या काळात खेडोपाडी फिरणाऱ्या बायबल बाईचे काम इथल्या फ्लॅटमध्ये या बायकांनी केले, बिनपगारी आणि बिननावाचे. तुमची संस्था कशामुळे वाढली याचे उत्तर त्यांच्याकडे मिळेल, आणि ते उत्तर मिळाल्याशिवाय पुढच्या वाढीचा आराखडा करणे व्यर्थ आहे.

रेकॉर्डिंगच्या आधी परवानगी घ्या, शक्यतो लेखी. साक्षीत आजार, व्यसन, जात, घरातले तंटे, विश्वास बदलल्यावर नातेवाइकांशी आलेला दुरावा, असे सगळे येते. सांगणाऱ्याला आज चालेल, पण उद्या त्याच्या मुलीच्या लग्नात ते अडचणीचे ठरू शकते. कुठला भाग जपून ठेवायचा आणि कुठला छापायचा हे त्यांनाच ठरवू द्या. यूट्यूबवर टाकण्याची घाई नको.

फूट पडली असेल तर तीही लिहा. कोणत्या वर्षी, कोणत्या प्रश्नावर, किती कुटुंबे गेली, एवढे सरळ लिहिले की पुरे. दोष कुणाचा हे ठरवू नका. जमले तर गेलेल्यांपैकी कुणाला तरी ते वाचायला द्या. जुबिलीच्या निमित्ताने असा एक फोन होणे हीसुद्धा मोठी गोष्ट आहे.

स्मरणिकेबद्दल एकच सांगतो. शुभेच्छा संदेशांची आणि फोटोंची पाने अर्ध्यावर आणा. त्या जागी पहिल्या वीस कुटुंबांची नावे, सभा भरल्या त्या सगळ्या जागांची यादी आणि ज्येष्ठांच्या आठवणींतले उतारे छापा.

जागा कुणाच्या नावावर आहे?

या विषयावर थोडे सविस्तर लिहितो, कारण प्रार्थनेने जमवलेल्या मंडळ्या मालमत्तेने तुटलेल्या मी पाहिल्या आहेत.

सुरुवातीला ट्रस्ट नसतो, म्हणून गाळा किंवा फ्लॅट पाळकांच्या किंवा एखाद्या विश्वासू वडिलांच्या नावावर घेतला जातो. पैसे सगळ्यांच्या अर्पणाचे असतात. तो माणूस जिवंत असेपर्यंत कुणाला काही वाटत नाही. तो गेल्यावर त्याचे वारस कायद्याने मालक ठरतात आणि त्यांनी वाईट वागायचे ठरवले नाही तरी बँक, सोसायटी, नोंदणी कार्यालय त्यांनाच ओळखते. म्हणून संस्थापक धडधाकट असताना, त्यांच्याच पुढाकाराने, वकिलाच्या सल्ल्याने ही मालमत्ता ट्रस्टच्या नावावर करून घ्या आणि ट्रस्टच्या नोंदीत ती दाखवा. हे सुचवणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास नव्हे. उलट त्यांनी ज्यासाठी घाम गाळला ते टिकावे म्हणूनच हे करायचे.

महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेल्या असतात. आपला जिल्हा ठाणे, तेव्हा काम ठाण्याच्या कार्यालयाशी. विश्वस्त बदलला, वारला, पत्ता बदलला, मालमत्ता घेतली, की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अहवाल, म्हणजे आपण ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतो तो, द्यावा लागतो. अनेक ट्रस्टांनी वर्षानुवर्षे तो दिलेला नसतो. परिणामी कागदोपत्री विश्वस्त म्हणून दिवंगत माणसेच राहतात आणि बँकेत सही बदलायला गेले की सगळे अडते. उशीर झाला असेल तर विलंबमाफीच्या अर्जासह भरता येतो, पण जितका उशीर तितका त्रास. ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायची, बक्षीस द्यायची किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. विकासकाशी बोलणी करणाऱ्यांनी हे आधी वाचावे.

ज्यांच्या तीन-चार शाखांचे वेगवेगळे ट्रस्ट आहेत आणि ज्यांना जुबिलीच्या निमित्ताने ते एकत्र करायचे आहेत, त्यांनी एक निकाल वकिलाकडून समजून घ्यावा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्यांच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यात सामील झालेल्या गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद पुढे चार दशके रेंगाळला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की एकत्र येण्याचा नुसता ठराव केल्याने जुनी संस्था कायद्याने विसर्जित होत नाही आणि तिच्या ट्रस्टची मालमत्ता आपोआप नव्या संस्थेची होत नाही. एकत्र यायचे असेल तर कायद्यात त्याची वाट आहे. कलम ५०अ खाली धर्मादाय आयुक्त एकाहून अधिक ट्रस्टांसाठी समान योजना करू शकतात. आनंदाच्या भरात हात वर करून घेतलेला ठराव पुढच्या पिढीला कोर्टात उभे करतो, हे ध्यानात असू द्या.

परदेशातून मदत घेणाऱ्या संस्थांनी आणखी एक लक्षात घ्यावे. परकीय योगदान कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीनंतर असा पैसा घेणाऱ्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेला वळता करता येत नाही. त्यातला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपलीकडे नेता येत नाही. रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. पूर्वी मुख्य ट्रस्टकडे येणारे पैसे शाखांच्या ट्रस्टांना वाटायची जी पद्धत होती, ती आता चालत नाही. म्हणून जाळे वाढवताना शाखांचा खर्च स्थानिक अर्पणातून कसा भागेल हे आधी ठरवा. माझ्या मते हे एका अर्थी बरेच झाले. दशांशातून उभी राहिलेली मंडळी छोटी असली तरी तिला स्वतःचा आवाज असतो.

आणि पाळकांच्या म्हातारपणाचे काय? तीस वर्षे सेवा केलेल्या माणसाला भविष्यनिर्वाह निधी नाही, स्वतःचे घर नाही, मेडिक्लेम नाही, म्हणून तो पंच्याहत्तरीतही जागा सोडू शकत नाही. आपण मग कुजबुजतो की खुर्ची सोडवत नाही. आधी मंडळीने त्यांच्या नावाने एनपीएस किंवा पीपीएफमध्ये नियमित पैसे टाकावेत, आरोग्य विमा काढावा, निवृत्तीनंतर राहण्याची सोय लेखी ठरवावी. सत्काराच्या खर्चातून सुरुवात करता येईल.

पुढची आखणी

मिरा-भाईंदरचा नकाशा भिंतीवर लावा, त्याच्या वर नायगाव, वसई, नालासोपारा, विरार आणि खाली दहिसर-बोरिवली येऊ द्या. प्रत्येक कुटुंबासाठी एक टाचणी. बऱ्याच मंडळ्यांना हे पाहून धक्का बसेल की उपासना मिरा रोडला होते आणि तरुण कुटुंबे वसई-विरारकडे गेली आहेत, तर मिरा रोडला राहिलेत ते एकटे ज्येष्ठ. मग नवी शाखा कुठे हवी आणि घरभेटींची गरज कुठे आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या आजींसाठी प्रभुभोजन घरी नेणे हेसुद्धा वाढीच्या आराखड्यात बसले पाहिजे.

भाषेचा निर्णय टाळू नका. तिसरी पिढी इंग्रजी माध्यमात शिकली, तिला मराठी बोलता येते पण देवनागरी बायबल वाचताना अडखळते. इंग्रजी किंवा हिंदी उपासना सुरू करायला माझा विरोध नाही, शेजारीपाजारी ज्या भाषेत बोलतात त्या भाषेत प्रार्थना व्हायला हवी. मात्र मराठी उपासना बंद करून ती सुरू करू नका. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषवले. मराठीत ख्रिस्ती माणसाचे घर आहे, ते आपण स्वतःहून का सोडावे? शब्बाथ शाळेत महिन्यातून एक रविवार देवनागरी वाचनाला द्या. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली जी गीते तुमच्या मंडळीत खरोखर गायली जातात, त्यांच्या चाली जुन्या गायकांकडून हार्मोनियमवर रेकॉर्ड करून घ्या. चाली पुस्तकात छापलेल्या नसतात, त्या माणसांबरोबर जातात.

शेजाऱ्यांशी नाते हाही आखणीचाच भाग. निवासी भागात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. हॉलमध्ये खिडक्या बंद करून आवाज मोजून पाहा. इमारतीच्या सचिवांना जुबिलीचे आमंत्रण द्या.

तरुणांना समितीत घेताना त्यांना प्रोजेक्टर आणि खुर्च्यांपुरते ठेवू नका, हिशोबाची वही त्यांच्यापुढे उघडा. संस्था किती पैशांवर चालते हे कळले की त्यांचे प्रश्नही शहाणे होतात.

हे सगळे एकदम होणार नाही. जुबिलीला दोन वर्षे असतील तर पहिले वर्ष कागद, आठवणी आणि ट्रस्टच्या नोंदींना द्या, दुसरे नव्या माणसांच्या तयारीला. सहा महिनेच उरले असतील तर ज्येष्ठांच्या मुलाखती आधी करा, बाकीचे थांबू शकते. आणि एक काम तर येत्या आठवड्यात करता येईल. ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयातून आपल्या ट्रस्टचा शेड्यूल वनचा, म्हणजे तिथल्या नोंदवहीचा, उतारा काढा, विश्वस्तांच्या सभेत मोठ्याने वाचा, त्यावरच्या नावांपैकी किती जण हयात आहेत ते मोजा आणि त्याच बैठकीत चेंज रिपोर्टसाठी माणूस नेमा.